वसईचें सुकेळें : अंगणांतल्या एका जुन्या उद्योगाची हकीकत

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे त्याच्या स्मरणिकेंत देवळाची बांधणी, होऊन गेलेले धर्मगुरु, शाळा आणि संघ यांचा वृत्तांत यावा हें योग्यच आहे. आम्हीं मात्र वाचकांची परवानगी घेऊन एका अगदीं साध्या वस्तूची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे. ती वस्तु म्हणजे आपल्या वसईचें सुकेळें. अर्थात् राजेळी जातीचें केळें पिकवून, सोलून, उन्हांत वाळवून घरच्या घरीं केलेला मेवा. ज्या कुटुंबांनीं पिढ्यान् पिढ्या या भागांतलीं देवळें भरलीं, त्यांपैकीं पुष्कळ बागाईतदारांचीं होतीं, आणि त्यांचें सारें वर्ष वाडीच्या हिशेबानें चाले. वाडींत आज एकदम आलेलें फळ उद्यांच्या गरजेसाठीं कसें राखावें, हा प्रश्न त्यांच्या घरांतील स्त्रियांपुढें दरसाल उभा राही. त्यांनीं त्याचें जें उत्तर काढलें, तें कोणत्याहि ग्रंथांत लिहून ठेविलें नाहीं. सासूनें सुनेस व आईनें मुलीस तें हातानें करून दाखविलें, एवढेंच. असें ज्ञान एका पिढीनें टाकलें कीं संपलें. म्हणून तें पुरतें विसरलें जाण्यापूर्वीं त्याची थोडी नोंद होणें अगत्याचें आहे.

फळें सुकवून ठेवण्याची रीत अति प्राचीन आहे. जुन्या करारांत शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत अबीगईल ही शहाणी गृहिणी दावीदाच्या माणसांसाठीं गाढवांवर शिधा लादून नेते. त्या शिध्यांत भाकरी व भाजलेलें धान्य यांच्याबरोबर मनुकांचे १०० घड आणि सुक्या अंजिरांच्या २०० ढेपा होत्या. त्याच पुस्तकाच्या ३० व्या अध्यायांत तीन दिवसांच्या उपासानें रानांत पडलेल्या एका मिसरी तरुणास अंजिराच्या ढेपेचा तुकडा व मनुकांचे दोन घड दिल्यावर त्याच्या जिवांत जीव आला, अशी कथा आहे. घरांत जपून ठेविलेला हा मेवा तेव्हांहि केवळ जिभेचे लाड पुरविण्यासाठीं नव्हता, हें यावरून दिसतें. तो प्रवाशाचा शिधा होता, अचानक आलेल्या पाहुण्याची सोय होती, आणि भुकेलेल्यास तत्काळ बळ देणारें अन्न होतें.

त्यामागचें तत्त्व एकच आहे. फळ नासतें तें त्यांतील पाण्यामुळें. कारण बुरशी आणि आंबविणारे सूक्ष्म जीव यांना वाढण्यास ओलावा लागतो. तो ओलावा पुरेसा काढून टाकला म्हणजे फळांतली साखर दाट होते आणि त्या दाट गोडींत हे जीव वाढूं शकत नाहींत. परंतु तत्त्व सोपें असलें तरी तें अमलांत आणणें सर्व देशांत सारखें सोपें नाहीं. पॅलेस्टाईन, ग्रीस, स्पेन इत्यादि देशांत द्राक्षें व अंजिरें पिकतात तो काळ कडक उन्हाचा व कोरड्या हवेचा असतो; तेथें सूर्यच बहुतेक काम करून टाकतो. आपल्या कोंकणपट्टीची गोष्ट निराळी. येथें चार महिने पाऊस, आणि उरलेल्या आठ महिन्यांतहि समुद्रावरून येणारी दमट हवा. अशा ठिकाणीं फळ सुकवावयाचें म्हणजे उन्हाच्या जोडीला माणसाचें लक्ष आणि कसब हीं दोन्हीं हवींत.

हें कसब आपल्या किनाऱ्यावरील गृहिणींनीं किती प्रकारांनीं कमावलें होतें, हें पाहिलें म्हणजे कौतुक वाटतें. कच्च्या आंब्याच्या फोडी वाळवून त्यांची आंबोशी केली. पिकल्या आंब्याचा रस तूप लावलेल्या ताटांत पसरून, एक थर सुकल्यावर त्यावर दुसरा थर देऊन आंबापोळी केली. फणसाचे बरके गरे गाळून त्यांची फणसपोळी केली. रातांब्याची तर युक्तिच वेगळी. त्याची साल काढून वाळवावयाची, मग त्याच फळाच्या खारवलेल्या रसांत बुडवून पुनः वाळवावयाची, आणि असें वारंवार केल्यावर तिचें काळसर आमसूल व्हावयाचें. गोव्यांत आंबट बिंबलेंहि याच रीतीनें वाळवून आमटींत घालण्यासाठीं राखतात. या सर्व वस्तु बहुधा उन्हाळ्याच्या अखेरीस, पाऊस दारांत येऊन ठेपण्यापूर्वीं, घाईघाईनें कराव्या लागतात. केळ्याचें तसें नाहीं. केळ बारमास फळते. म्हणून पाऊस ओसरून आकाश निवळल्यापासून तों उन्हाळ्यापर्यंत सुकेळीं करण्यास सवड मिळते.

केळें सुकविण्याची चाल या किनाऱ्यावर नवी नाहीं, याला परकीयांच्या लेखांतून पुरावा मिळतो. पोर्तुगीज लोक या देशांत आले तेव्हां त्यांना केळें हें एक प्रकारचें अंजीरच वाटलें, व ते त्यास त्याच नांवानें ओळखूं लागले. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा हिंदुस्थानांतील औषधी वनस्पतींवरचा संवादरूप ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. त्यांत केळ्याचें वर्णन 'हिंदुस्थानचें अंजीर' याच मथळ्याखालीं येतें. पुढें १५८३ सालीं यान हायगेन व्हान लिन्स्कोटेन हा डच गृहस्थ गोव्यास येऊन कांहीं वर्षें राहिला. १५९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनांत मलबारांतील कण्णूरच्या केळ्यांविषयीं मजकूर आहे. तेथें केळीं विपुल असल्यामुळें तीं सोलून सुकवितात आणि हिंदुस्थानांत सर्वत्र विक्रीस पाठवितात, असें तो सांगतो. म्हणजे सोळाव्या शतकांतच आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सुकीं केळीं ही व्यापाराची वस्तु झाली होती. येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ आपल्या राजेळीस केरळांतील नेंद्रन केळीच्याच कुळांत धरतात. मलबार आणि वसई या दोन ठिकाणांचें नातें असें झाडापासूनच जुळलेलें आहे.

वसई २३ डिसेंबर १५३४ च्या तहानें गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेली, आणि १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीआप्पांनीं ती जिंकीपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. दोनशें वर्षांहून अधिक चाललेल्या या अमलांत आपल्या लोकांच्या धर्मांत, पोशाखांत, बोलींत व स्वयंपाकांत पुष्कळ नवें आलें. पेरू, अननस, पपई हीं अमेरिका खंडांतलीं फळें याच दर्यावर्दी लोकांमार्फत या किनाऱ्यावर रुजलीं. फळ टिकविण्याची त्यांची स्वतःची एक रीतहि होती. पोर्तुगालांत मार्मेलो नांवाच्या फळाचा गर साखरेंत आटवून त्याच्या वड्या पाडीत. तीच रीत गोव्यांत पेरूस लागू झाली व तिची पेराद झाली. परंतु पेराद ही चुलीची व साखरेची करामत आहे. सुकेळ्यांत साखरेचा कण नाहीं, तूप नाहीं, मीठ नाहीं, अग्नीचा स्पर्श नाहीं. केळें, ऊन आणि हात एवढ्याच सामग्रीवर तें होतें. त्याचें नांवहि पाहावें. 'सुकें' आणि 'केळें' हे दोन साधे मराठी शब्द एकत्र येऊन तें झालें आहे. त्यांत परकी अक्षर नाहीं. शिवाय तें एकट्या ख्रिस्ती घरांत होत असे असेंहि नाहीं. या भागांतील हिंदु बागाईतदार आणि ख्रिस्ती बागाईतदार या दोघांच्याहि अंगणांत सुकेळ्यांचे मांडव पडत. धर्म बदलला, राज्यें बदललीं, तरी वाडीची विद्या दोन्ही घरांनीं सारखीच सांभाळली, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

आतां त्या वाडीकडे वळूं. वसईची जुनी वाडी म्हणजे विहीर, विहिरीवर बैलाच्या फेऱ्यांनीं फिरणारा रहाट, रहाटाच्या गाडग्यांतून पाटांत पडणारें पाणी, आणि पाटाच्या कडेनें पानवेल, नारळ, सुपारी, फुलझाडें व केळी. केळींच्या जातीहि अनेक : तांबडी, मुठेळी, सोनकेळी, बसराई, राजेळी. त्यांतली बसराई ठेंगणी असून तिचा घड, म्हणजे आमच्याकडचा लोंगर, मोठा व भरदार येतो. राजेळी उंच वाढते. वाऱ्यावादळानें ती लवकर मोडते. तिच्या लोंगरास फण्या थोड्या असतात, आणि फणींतलीं केळींहि मोजकींच. परंतु एकेक केळें लांब, जाड व भरीव. तिचा गर घट्ट असतो. साधारण पिकल्या केळ्यांत शंभर भागांत पाऊणशेंच्या आसपास पाणी असतें. राजेळींत तें प्रमाण त्याहून कमी. सुकविण्यासाठीं हीच जात कां निवडली, याचें कारण यांत आहे. पाणचट केळें उन्हांत ठेविलें तर तें सुकण्यापूर्वींच गळतें व आंबतें. राजेळी आपला आकार सोडीत नाहीं, आणि सुकल्यावर चावतांना तिला अंग राहतें. ही निवड कोणत्या प्रयोगशाळेंत झाली नाहीं. ज्यांनीं शेंकडों केळीं नासतांना पाहिलीं, त्यांनींच ती केली.

कृति अशी. लोंगर पूर्ण तयार झाला, म्हणजे केळ्यांच्या धारा बोथट होऊन तीं गोल भरलीं, कीं तो उतरावयाचा. फण्या सोडवून त्या पेंढ्यांत दडपून ठेवावयाच्या. पिकतांना केळ्यांतून एक सूक्ष्म वायु सुटतो व तोच शेजारच्या केळ्यास पिकवितो. पेंढ्यामुळें तो वायु आणि ऊब दोन्हीं आंत राहतात आणि सर्व फण्या एकदम पिकतात. याच काळांत केळ्यांतल्या पिठाची साखर होते. येथें घाई केली तर सुकेळें पिठूळ होतें, आणि उशीर केला तर केळें हातांत घेतांच मोडतें. साल पिवळी होऊन तिच्यावर काळे ठिपके दिसूं लागले, तरी आंतला गर अजून ताठ आहे, असा एक नेमका दिवस असतो. तो दिवस बोटांनीं दाबून ओळखावयाचा, हें या विद्येंतलें पहिलें कसब.

मग केळीं सोलून अंगणांतल्या मांडवावर एकेक सुटें मांडावयाचें. मांडव जमिनीपासून उंच असतो व त्यावर काठ्या किंवा कामट्या अंतराअंतरानें घातलेल्या असतात, ज्यामुळें वारा खालूनहि लागावा. केळीं एकमेकांस चिकटूं देऊं नयेत. दिवसांतून तीं हलक्या हातानें परतावीं. माश्या, मुंगळे, कावळे व कोंबड्या यांच्यापासून राखण ठेवावी. आणि हें काम बहुधा घरांतल्या म्हाताऱ्या माणसांकडे व मुलांकडे येई. मुलें राखण करीत आणि मांडवाच्या कडेचीं केळीं कमीहि करीत, हें येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

सायंकाळीं दंव पडण्यापूर्वीं सर्व केळीं उचलून घरांत घ्यावयाचीं व एकत्र झांकून ठेवावयाचीं. वरवर पाहणाऱ्यास वाटेल कीं, हें केवळ दंवापासून जपण्यासाठीं आहे. पण त्यांत आणखी एक मर्म आहे. उन्हानें केळ्याची बाहेरची बाजू आधीं सुकते, आणि आंतलें पाणी आंतच राहतें. रात्रभर केळीं झांकून एकत्र ठेविलीं म्हणजे आंतला ओलावा हळूहळू बाहेरच्या बाजूस येतो, आणि दुसऱ्या दिवसाचें ऊन तो घेऊन जातें. याच्या उलट, एकाच दिवसांत फार तापवून तीं सुकविण्याचा प्रयत्न केला तर वर कडक कवच बनतें आणि आंत ओल कोंडून तें केळें पुढें आंबतें. आजचे अन्नशास्त्रज्ञ हीच गोष्ट आपल्या परिभाषेंत सांगतात. आमच्या आज्यांना ती परिभाषा ठाऊक नव्हती. 'एका दिवसाचें ऊन खोटें' एवढ्या समजुतीवर त्यांनीं तेंच साधलें.

असे आठवडाभराच्या आसपास दिवस गेले, म्हणजे केळें आकसून बोटाएवढें होतें. त्याचा पांढरट रंग जाऊन प्रथम पिंगट व मग मधासारखा तांबूस होतो, आणि अंगावर चिकट गोडी सुटते. हा रंग वरून कांहीं लावल्यानें येत नाहीं. सोललेल्या केळ्यास हवा लागून, आणि त्यांतील साखर व इतर द्रव्यें यांचा उन्हांत सावकाश संयोग होऊन तो येतो. सुकेळें दाबलें असतां लवचीक लागावें, पण पाणी सुटूं नये. मोडलें असतां आंतून-बाहेरून एकच रंग दिसावा. तसें झालें कीं सुकेळीं सोपटांत, म्हणजे केळीच्याच सुकलेल्या आवरणांत गुंडाळून बांधतात. फळहि केळीचें आणि वेष्टनहि केळीचें! नीट सुकलेलीं व नीट बांधलेलीं सुकेळीं कांहीं महिने टिकतात. मात्र शंभर केळीं सोलणाऱ्या घरास शेवटीं त्या राशीचा अर्ध्याहून कमी भार हातीं लागतो, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे सुकेळें महाग कां, या प्रश्नाचें उत्तर मिळतें. गेलेला भार पाण्याचा असतो. पण आलेली किंमत श्रमाची असते.

या घरगुती वस्तूस बाहेरची कीर्ति कधींच मिळाली होती. १८८२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ठाणें जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटियरांत आगाशी गांवचीं सुकीं केळीं जिल्ह्यांत उत्तम म्हणून नमूद आहेत. त्यापूर्वींच, १८६७ सालीं, विरार ते मुंबईंतील बॅकबे अशी आगगाडी सुरू झाली होती. या गाडीचा परिणाम दुहेरी झाला. एकीकडे वसईचीं ताजीं केळीं, भाजी, फुलें व विड्याचीं पानें थोड्या वेळांत मुंबईच्या बाजारीं पोंचूं लागलीं. म्हणून फळ सुकवून राखण्याची निकड कमी झाली. दुसरीकडे सुकेळ्यास नवें गिऱ्हाईक मिळालें. हिंदु कुटुंबांत उपवासाच्या दिवशीं फळें चालतात. न नासणारें, प्रवासांत नेतां येणारें आणि चुलीवर न चढलेलें हें फळ त्या घरांना फार सोयीचें वाटलें. अशा रीतीनें ख्रिस्ती अंगणांत सुकलेलें केळें एकादशीच्या फराळास जाऊं लागलें. दोन शेजारी समाजांच्या देवघेवीचा इतका गोड पुरावा दुसरा सांपडणें कठीण.

घरांतल्या पैशाच्या दृष्टीनेंहि या उद्योगाचें महत्त्व होतें. भाजीपाल्याचा पैसा पुरुषांच्या हातीं येई व बी-खत, बैल, मजुरी यांत जाई. सुकेळीं ही मुख्यतः स्त्रियांच्या मेहनतीची वस्तु असल्यामुळें तीं विकून आलेल्या पैशावर घरांतल्या बाईचें मत चालण्यास जागा असे. मुलांचें पुस्तक, लग्नांतला अहेर, सणाचें लुगडें, देवळाची वर्गणी, अशा लहानमोठ्या खर्चांमागें अंगणांतला असा एखादा उद्योग उभा असे. महोत्सवाच्या हिशेबांत देणगीदारांचीं नांवें येतात. मांडवावर केळीं परतणाऱ्या हातांचीं नांवें येत नाहींत. तीं हातची कमाई कोठें कोठें पोंचली असेल, याचा विचार या प्रसंगीं तरी आपण करावा.

आतां सांगावयाचें तें थोडें कष्टाचें आहे. ही विद्या आज क्षीण झाली आहे. तिचीं कारणें अनेक असून तीं एकमेकांत गुंतलेलीं आहेत. बाजारास भरदार लोंगर हवा होता, म्हणून ठेंगण्या जातींची लागवड वाढली व उंच, अल्पफळ राजेळी मागें पडली. रहाट जाऊन यंत्रें आलीं. पाणी झपाट्यानें उपसलें जाऊं लागलें. १९८० नंतर वसई-विरार भागांत घरबांधणी वेगानें वाढली. वाड्यांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या आणि टँकरांनीं विहिरींचें पाणी बाहेर जाऊं लागलें. समुद्रालगतच्या जमिनींतून गोडें पाणी फार काढलें कीं खारें पाणी आंत शिरतें, आणि खाऱ्या पाण्यावर केळ जगत नाहीं. याच चिंतेंतून त्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली व तींत सर्व धर्मांचे लोक एकत्र आले. २००९ सालीं येथें महानगरपालिका झाली. २०१४ सालीं ठाणें जिल्ह्यांतून वेगळा होऊन पालघर जिल्हा अस्तित्वांत आला. गांवें शहर झालीं. ज्यांच्या आज्या मांडवाशीं बसत, त्या मुली शिकून शाळांत, दवाखान्यांत, कचेऱ्यांत काम करूं लागल्या. ही प्रगति आहे, व तिचा आनंदच मानला पाहिजे. आठवडाभर घरीं बसून केळीं परतण्याची सक्ति कोणावरहि पुनः यावी, असें आम्ही म्हणणार नाहीं.

तथापि एक भेद स्पष्ट केला पाहिजे. एखादें काम सोडणें निराळें आणि त्यांतलें ज्ञान गमावणें निराळें. वसईंत आजहि कांहीं मोजकीं कुटुंबें सुकेळीं करतात, व कांहीं जण सौर वाळवणयंत्राचा उपयोगहि करूं लागले आहेत. यंत्राच्या कांचेखालीं धूळ व माश्या लागत नाहींत, राखणीचे श्रम वांचतात; ही सोय घ्यावी. अंगण गेलें तरी गच्ची आहे. पण यंत्रास राजेळीवांचून सुकेळें करतां येणार नाहीं. केळ्यास बियांचा उपयोग नाहीं. तीं मुनव्यांपासून वाढतात. ज्या वाडींतला शेवटचा मुनवा उपटला गेला, त्या वाडींत ती जात पेटींत राखलेल्या बियाण्यासारखी परत रुजवितां येत नाहीं. दुसऱ्याच्या जिवंत झाडाकडे जावें लागतें. आणि केळें कोणत्या दिवशीं सोलावें, रात्रीं कां झांकावें, किती लवचीक झालें म्हणजे पुरे, हें यंत्र सांगत नाहीं. तें ज्यांना ठाऊक आहे, ते लोक आज वृद्ध आहेत.

ज्या वाचकांस घरीं करून पाहण्याची इच्छा असेल, त्यांना दोन शब्द सांगतों. प्रथम डझन-दोन डझन केळींच घ्यावीं. राजेळी न मिळाली तर घट्ट गराचें दुसरें केळें घेऊन हात बसवावा. फळ राजेळीसारखें होणार नाहीं, पण रीत कळेल. सोलतांना हात व भांडीं स्वच्छ व कोरडीं असावीं. जाळीवर किंवा वेताच्या सुपांत केळीं सुटीं मांडून वर पातळ मलमल किंवा मच्छरदाणीचें कापड ताणावें, तें केळ्यास टेकूं देऊं नये. ऊन उतरण्याच्या आधीं आंत घ्यावें. आभाळ आलें तर त्या दिवशीं पंख्याचा वारा द्यावा. आंबूस वास आला, बुडबुडे दिसले किंवा पांढरी-हिरवी बुरशी धरली, तर तें केळें मोह न धरतां टाकून द्यावें. तेवढा भाग कापून उरलेलें खाणें बरें नाहीं. सुकेळीं पूर्ण थंड झाल्यावरच डब्यांत भरावीं, आणि पहिले कांहीं दिवस डबा उघडून पाहावा. आंत दमटपणा दिसला तर पुनः ऊन द्यावें.

शेवटीं आमची एक विनंति आहे. महोत्सव येतो, जेवणावळी होतात, दिवे लागतात व विझतात. त्याची कांहीं जिवंत खूण मागें राहावी असें ज्यांना वाटत असेल, त्यांनीं देवळाच्या आवारांत पाण्याची सोय असेल तेथें राजेळीचे चार-सहा मुनवे लावावे. पहिला लोंगर उतरेल त्या वर्षीं धर्मग्रामांतल्या जाणत्या आज्यांना बोलावून तरुण मुलामुलींस, हो, मुलांसहि, सुकेळें करण्याचा पाठ द्यावा. आणि त्या वेळीं त्या जें सांगतील तें त्यांच्याच बोलींत, त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावें. लोंगर, फणी, सोपट, मुनवा हे शब्द वाडीबरोबर वाढले. वाडी गेली कीं तेहि ओठांवरून जातात. या कामास मोठा खर्च नाहीं. मात्र मुनवा लावावयाचा तो ज्यांना तो ओळखतां येतो त्यांच्या हयातींतच लावला पाहिजे. म्हणून येता पावसाळा सरण्यापूर्वींच ही गोष्ट व्हावी, असें आम्हांस मनापासून वाटतें.